काचपेटीतील हिरवाई आणि प्रकाशाची जयणा

माल घेण्यापूर्वी भाव आणि प्रत दोन्ही ताडून पाहणे हा व्यापारी घराचा संस्कार आहे. जळगाव-धुळ्याच्या एखाद्या जैन घरात मुलांच्या हट्टामुळे काचेचे मत्स्यालय आणायचे ठरले, तर मात्र भावाआधी विवेक पुढे येतो. अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘बंध’ सांगितलेला आहे. मासे कोंडून ठेवण्यास श्रावकाचे मन धजत नाही. यावर एक मार्ग आहे, तो म्हणजे मासे नसलेली, केवळ पाणवनस्पतींची काचपेटी. वनस्पतीही एकेंद्रिय जीव असल्याने तेथेही जयणा हवीच आणि तिचा आरंभ दिव्याच्या निवडीपासून होतो.

कारण असे, की प्रकाश गरजेपेक्षा अधिक झाला, तर वनस्पतींआधी शेवाळ फोफावते. शेवाळ आपल्याकडे अनंतकाय मानलेले आहे. ते वाढू देऊन दर आठवड्याला खरवडत बसण्यापेक्षा मुळात वाढूच न देणे श्रेयस्कर.

खानदेशातील ऊन फुकट मिळते, म्हणून पेटी खिडकीत ठेवण्याचा मोह होतो. परंतु उन्हावर आपला ताबा नसतो. पाणी तापते आणि शेवाळ माजते. म्हणून सावलीची जागा व एलईडी दिवा हेच योग्य.

60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद व 30 उंच अशा पेटीत 54 लिटर पाणी मावते. व्हॅलिस्नेरिया, जावा फर्न, अनुबियास यांसारख्या सोशिक वनस्पतींना लिटरमागे 10 ते 20 लुमेन हा ढोबळ हिशेब पुरतो. 9 वॅटचा घरगुती बल्ब सुमारे 900 लुमेन देतो; पण त्याचा प्रकाश चहूकडे पसरून बराच वाया जातो आणि पेटीचे कोपरे अंधारे राहतात. दोन फुटी, 10 वॅटची एलईडी पट्टी सुमारे 1000 लुमेनचा प्रकाश पेटीच्या लांबीभर सारखा पाडते. निळे-जांभळे शोभेचे दिवे डोळ्यांना सुखावतात. मात्र केवळ त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. मत्स्यालयासाठीचे 30 वॅटचे महागडे दिवे वेगाने वाढणाऱ्या वनस्पतींसाठी असतात. त्यांना खत आणि कार्बन डायऑक्साइडची जोड लागते.

म्हणजे अल्प खर्चात साधी पट्टीच सरस ठरते. खोक्यावर वॅटबरोबर लुमेन आणि 6500 केल्विन हा आकडा पाहून घ्यावा. रोज 8 तास लावल्यास 10 वॅटची पट्टी महिन्याला 2.4 युनिट वीज घेते, तर 30 वॅटचा दिवा 7.2 युनिट.

मोजून प्रकाश देण्याचे तत्त्व जळगावला नवे नाही. केळीची ऊतिसंवर्धित रोपे प्रयोगशाळेत कृत्रिम प्रकाशावर, ठरावीक तासांच्या हिशेबानेच वाढवली जातात. घरीही आरंभी 6 तास प्रकाश द्यावा. शेवाळ दिसले नाही, तर हळूहळू 8 तासांपर्यंत जावे. स्वस्तातला टायमर विसराळूपणावर उत्तम उपाय आहे.

शेवटची दक्षता झाकणाची. मासे नसलेल्या स्थिर पाण्यात डास अंडी घालतात आणि त्रस जीवांच्या हिंसेचा प्रसंग ओढवतो. घट्ट बसणारे काचेचे झाकण डासांना अटकाव करते, पाण्याची वाफ कमी करते आणि वरच्या विजेच्या पट्टीला ओलाव्यापासून जपते. पेटीतील पाण्याला हात लावण्यापूर्वी दिव्याचे बटण बंद करावे, हे मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावे.

परिग्रहाला मर्यादा असावी, तशीच प्रकाशालाही. बेताच्या उजेडात वाढलेली हिरवाई सावकाश येते, पण टिकते.