ह्यात जातं कुठं गेलं?

आधीच कबूल करते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. विषय 'डिजिटल आर्काइव्ह' असला तरी सुरुवात आमच्या सेलूच्या घरापासून करते.

दिवाळीत आजीला म्हटलं, "आजी, जात्यावरच्या ओव्या म्हण ना, मोबाइलवर रेकॉर्ड करते." ती बाजेवर बसली, दोन ओळी म्हणाल्या आणि अडकली. म्हणे, "जात्यावर बसल्याबिगर ओवी येत न्हाई बाई." मग परसातलं जातं धुऊन आणलं. आता ते फक्त लग्नातल्या हळदीला निघतं. आजीने खुंटा धरला, मूठभर ज्वारीचा घास घातला आणि काय सांगू, एकामागून एक ओव्या! अर्धा तास मी नुसती ऐकत होते.

होस्टेलवर आल्यावर माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. मागे जात्याची घरघर फार येत होती. एका फुकट सॉफ्टवेअरने नॉइज रिडक्शन केलं आणि त्याच नावाने फाइल सेव्ह केली. आवाज एकदम क्लिअर! मोठ्या ऐटीत घरी पाठवला. आजीने ऐकला आणि विचारलं, "ह्यात जातं कुठं गेलं?"

तेव्हा हसले. नंतर मात्र डोक्यात तेच फिरत राहिलं, म्हणून शोधायला लागले. कळलं की हे काम लोकांनी माझ्या जन्माच्या आधीच केलंय, आणि तेही आपल्याच महाराष्ट्रात. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी 1980 च्या दशकापासून सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या! 1990 च्या दशकात बर्नार बेल हे संगीत आणि कॉम्प्युटर दोन्ही जाणणारे फ्रेंच संशोधक त्यांना मिळाले. त्यांनी डेटाबेस उभा केला आणि 120 तासांहून जास्त रेकॉर्डिंग केलं. त्यात आपलं परभणीसुद्धा आहे. पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसला 1996 साली गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या रेकॉर्ड झाल्या. 2017 पासून 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने हा खजिना इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. आज कुणीही फुकट ऐकू शकतं.

आता थोडं गणित. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला 44,100 सॅम्पल, प्रत्येक 16 बिटचं, दोन चॅनेल. एका मिनिटाला साधारण 10.6 एमबी. 120 तासांचे झाले सुमारे 76 जीबी. आपल्या रूममधल्या पिक्चरच्या हार्डडिस्कच्या एका कोपऱ्यात बसेल! म्हणजे अडचण जागेची नाहीच. अडचण आहे शोधण्याची. एक लाख ओव्यांमधून 'भावावरच्या ओव्या' कशा काढणार? त्यासाठी प्रत्येक ओवीला नंबर, गाणारीचं नाव, गाव आणि विषय हे सगळं कुणीतरी बसून लिहावं लागतं. 'रेकॉर्डिंग 007' अशा नावाच्या फायली म्हणजे आर्काइव्ह नव्हे, अडगळ.

पण शब्द आणि चाल ठेवली की सगळं राहिलं का? इथे मला जपानचा बुतो नाच आठवला. एका फेस्टिव्हलच्या तयारीत व्हिडिओ शोधताना तो सापडला होता. पांढरं रंगवलेलं अंग, वाकडेतिकडे, अतिशय संथ हातपाय. पहिल्यांदा बघताना भीतीच वाटते. तात्सुमी हिजिकाता यांनी 1959 मध्ये तोक्योत याची सुरुवात केली. त्यांचा नाच ठरलेल्या स्टेप्सचा नव्हता, मग तो लिहून ठेवायचा कसा? ते वह्यांत चित्रं चिकटवून बाजूला शब्द लिहीत. ते शब्द मनात धरून नाचणाऱ्याने अंग हलवायचं. 1986 मध्ये ते वारले. 1998 मध्ये तिथल्या केइओ विद्यापीठात त्यांच्या वह्या, फोटो, फिल्म यांचं आर्काइव्ह सुरू झालं. त्याच वर्षी युकिओ वागुरी या त्यांच्या शिष्याने ते शब्द आणि स्वतःचा नाच एकत्र करून सीडी-रॉम काढली. नुसती वही वाचून नाच कळत नाही आणि नुसता व्हिडिओ बघून आत काय चाललंय ते कळत नाही. दोन्ही शेजारी ठेवले तर काहीतरी हाती लागतं.

आजी म्हणत होती ते हेच. ओवी हे नुसतं गाणं नाही, ते हाताचं काम आहे. खुंट्याचा फेरा आणि ओळीचा ताल एकमेकांना धरून चालतात. गिरणी आली, हात थांबले, आणि ओव्याही थांबल्या. मी जो 'नॉइज' काढला त्यातूनच फेऱ्याचा वेग मोजता आला असता. मी डेटा कचरा समजून फेकला. मूळ फाइल पुसली गेली. परत रेकॉर्ड करावं तर यंदा आजीच्या खांद्याला जातं ओढणं झेपत नाही. पारीच्या लोकांनी मुळशीकडच्या काही गायिकांकडे परत जाऊन व्हिडिओ शूटिंग केलं, ते का, हे मला आता कळतंय.

म्हणून सांगते, सुट्टीत घरी जाल तेव्हा एवढं करा. आवाजाबरोबर व्हिडिओ घ्या, आणि चेहऱ्याइतकेच हातही दिसू द्या. मूळ फाइलला हात लावू नका, जे काय करायचं ते कॉपीवर करा. तीन कॉप्या ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी. त्याच दिवशी नाव, गाव, तारीख लिहा. इंटरनेटवर टाकण्याआधी आजीला विचारा, कारण ओव्यांत घरातली दुःखंही असतात. आणि केलेलं तिला ऐकवा. चूक सर्वात आधी तिलाच कळते.

या वेळी मी घरी गेले तेव्हा आजी बाजेवरच होती. खुंटा धरल्यासारखी मूठ करून तिने हात हवेत फिरवला आणि हळू आवाजात दोन ओव्या म्हणाली. मी हाताचा व्हिडिओ घेतला. अडीच मिनिटांचा आहे. तीन कॉप्या केल्यात.