तो फोटो नेमका कुणासमोर येतो?

ज्यांना ऐकायला जमलं नाही, किंवा जे हेडफोन घरी विसरून लोकलमध्ये चढलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर.

आधीच सांगते. आजचा विषय आहे गर्भपाताच्या विरोधातल्या प्रचारात वापरले जाणारे रक्ताळलेले फोटो. एकाही फोटोचं वर्णन मी करणार नाहीये. तरीही आज नको वाटत असेल तर इथेच थांबा, पुढच्या भागात भेटू. अजिबात राग नाही.

विषय डोक्यात आला तो आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमुळे. गेल्या वर्षी वहिनीचं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी एका काकांनी 'भ्रूणहत्या महापाप' असा फॉरवर्ड टाकला, सोबत फोटो. वहिनी मेथी निवडत बसली होती. तिने सहज फोन उघडला, आणि भाजी तशीच टाकून आत निघून गेली. काकांचा हेतू वाईट नव्हता हो. फॉरवर्ड करताना वहिनी त्यांच्या डोक्यातच नव्हती.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे काहीही बनवायचं म्हटलं की पहिला प्रश्न असतो, 'युजर कोण?' तोच प्रश्न घेऊन मी वाचायला बसले.

पहिलं म्हणजे, हे फोटो का वापरतात? प्रचार करणाऱ्यांचं म्हणणं आपण नीट ऐकून घेऊ. ते म्हणतात, अन्याय डोळ्यांआड असतो तोवर लोक गप्प बसतात. दाखला देतात तो १९५५ चा. अमेरिकेत एमेट टिल या १४ वर्षांच्या काळ्या मुलाचा वर्णद्वेषातून खून झाला. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवली, फोटो छापू दिले, आणि देश हादरला. आपण तरी काय वेगळं करतो? आपल्याकडे २०१६ पासून सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशारा आणि फोटोने भरलेला असतो. म्हणजे भयानक फोटो दाखवणं हेच मुळात चूक, असं आपल्यालाही म्हणता येणार नाही.

पण फरक बघा. सिगारेटवरचा फोटो सिगारेट घेणाऱ्याच्या हातात जातो. एमेटच्या बाबतीत निर्णय त्याच्या आईचा होता. रस्त्यावरचा फलक मात्र समोरून येईल त्याला दिसतो.

डब्लिनमध्ये नेमकं हेच झालं. मे २०१८ मध्ये आयर्लंडमध्ये सार्वमत होतं. १९८३ च्या आठव्या घटनादुरुस्तीमुळे तिथे गर्भपातावर जवळपास पूर्ण बंदी होती, ती उठवायची का, असा प्रश्न होता. त्या काळात एका गटाने शहरातल्या प्रसूती रुग्णालयांबाहेर असे मोठे फलक उभे केले. आता प्रसूती रुग्णालयात कोण येतं? बाळंतीण येते, तशीच गर्भ पडून गेलेली बाईही येते. लोक चिडले, आणि काहीजण मोठमोठे रंगीत झेंडे घेऊन त्या फलकांसमोर उभे राहिले. फलक फाडले नाहीत, नुसते झाकले.

या सार्वमताचा आपल्याशीही एक धागा आहे. सविता हालप्पनवार मूळची बेळगावची, ३१ वर्षांची दंतवैद्य. २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात तिचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं होतं. तिने गर्भपात मागितला. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून तो नाकारला गेला, आणि जंतुसंसर्गाने ती गेली. प्रचाराच्या काळात डब्लिनच्या एका भिंतीवर तिचं चित्र रंगवलं गेलं आणि लोकांनी त्याभोवती चिठ्ठ्या चिकटवल्या. त्या चित्रात रक्ताचा थेंब नव्हता, होता तिचा चेहरा. बंदी उठवण्याच्या बाजूने ६६.४ टक्के मतं पडली. ती फलकांमुळे पडली की चित्रामुळे, असं काही मी म्हणणार नाही. पण लोकांना हलवायचं तर भयानकच दाखवायला लागतं, हे मला त्यानंतर पटत नाही.

मग कायद्याने बंदी घालायची का? इथे अमेरिका अडखळते. २००३ मध्ये कॅलिफोर्नियात असे फोटो लावलेला ट्रक एका शाळेभोवती फिरवला गेला आणि पोलिसांनी तो अडवला. २००८ मध्ये अपील कोर्ट म्हणालं, बघणारे अस्वस्थ झाले म्हणून कुणाचं बोलणं थांबवता येत नाही. उलट डेन्व्हरमध्ये एका चर्चबाहेर २००५ साली असेच फलक धरले, तेव्हा तिथल्या कोर्टाने लहान मुलांना दिसतील असे फोटो दाखवायला मनाई केली. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात हात घातला नाही. एकाच देशात दोन दिशा!

मला सगळ्यात आवडलं ते कॅनडाच्या लंडन शहराचं उत्तर. तिथे असे फोटो छापलेली पत्रकं घरोघरी टपालपेटीत पडायची. २०२२ मध्ये नगर परिषदेने नियम केला : पत्रक वाटा, पण बंद पाकिटात. पाकिटावर आतल्या फोटोंची सूचना हवी आणि पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता हवा. मत मांडायला बंदी नाही. उघडायचं की नाही, ते घरातली व्यक्ती ठरवेल. फोनवर 'संवेदनशील मजकूर' म्हणून फोटो धूसर येतो आणि टॅप केल्यावरच दिसतो ना, तसंच.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. मुलींचे गर्भ पाडण्याविरोधातल्या प्रचारात 'भ्रूणहत्या' हा शब्द आणि तसलीच चित्रं खूप वापरली गेली. हेतू चांगला, पण त्यातून सगळाच गर्भपात बेकायदा, असा समज पसरतो. प्रत्यक्षात अटींसह गर्भपात १९७१ पासून कायदेशीर आहे. गुन्हा आहे तो गर्भलिंगनिदानाचा. म्हणून आरोग्य क्षेत्रातले कार्यकर्ते आता 'लिंगनिवड' हा शब्द वापरा म्हणतात.

गर्भपात बरोबर की चूक, यावर तुमचं मत काहीही असो. वहिनीला मी नंतर विचारलं, काकांचा राग आला का? ती म्हणाली, "राग नाही गं. आधी कुणी विचारलं असतं, तर मी नको म्हटलं असतं. एवढंच."

काकांना मी फोन केला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "डिलीट कसं करायचं ते सांग." ग्रुपवरून काढायची वेळ टळून गेली होती. पण आता काही पाठवायचं असलं की ते आधी मला विचारतात.

तुम्हीही आजच्या दिवसात एक करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटोंचं ऑटो-डाउनलोड बंद करा. आईच्या फोनवरही. आणि असा काही फॉरवर्ड पाठवण्याआधी ग्रुपमधली नावं एकदा वाचा. चला, भेटू पुढच्या भागात!