बसथांब्यावरचे पर्यावरण

मुंबईच्या पर्यावरण चळवळीत २०१९ हे साल आरेचे म्हणून नोंदले गेले आहे. ४ ऑक्टोबरच्या रात्री मेट्रो-३च्या कारशेडसाठी आरेच्या जंगलातल्या झाडांवर करवती चालू लागल्या, दोन हजारांहून अधिक झाडे पडली आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ही तोड थांबवली. त्याच साली जानेवारीत शहराची बससेवा चालवणाऱ्या बेस्टचे कामगार नऊ दिवस संपावर होते. जुलैमध्ये बसचे किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आले आणि स्वतःच्या गाड्यांऐवजी कंत्राटदारांच्या गाड्या भाड्याने घेण्याचे धोरण पक्के होत गेले. आरेची लढाई न्याय्य होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ‘आमची मुंबई, आमची बेस्ट’सारखे मोजके नागरिक मंच सोडले तर बसच्या प्रश्नावर पर्यावरणवादी रस्त्यावर आले नाहीत. बस हा कामगारांचा, फार तर प्रवाशांचा प्रश्न मानला गेला. माझे म्हणणे असे की शहरातल्या हरित राजकारणाचा मुख्य प्रश्न तोच आहे. रस्त्याची जागा कोणाला मिळणार आणि बस चालवण्याचा रोजचा खर्च कोण उचलणार, यावर शहराची हवा ठरते.

सध्या या प्रश्नाला ‘इलेक्ट्रिक बस’ हे तयार उत्तर दिले जाते. मुंबईचा इतिहास मात्र त्याबाबत सावध करतो. या शहरात १८७४मध्ये घोड्यांची आणि १९०७मध्ये विजेची ट्राम धावू लागली. पहिली बस त्यानंतर, १९२६मध्ये आली. म्हणजे धूर न सोडणारे सार्वजनिक वाहन मुंबईकडे शंभर वर्षांपूर्वीच होते आणि ३१ मार्च १९६४ रोजी शहराने ते स्वतःहून बंद केले. वाढत्या मोटारींच्या गर्दीत रुळांवरची ट्राम अडचणीची वाटू लागली होती. तिच्या विजेने तिला वाचवले नाही, कारण वाद जागेचा होता. आजही विजेवरची बस मोटारींच्या रांगेत अडकून पडली आणि थांब्यावर माणसे ताटकळत राहिली, तर ती माणसे पुढच्या महिन्यात हप्त्यावर दुचाकी घेतात. बसच्या बॅटरीने वाचवलेला धूर मग त्या दुचाकीतून बाहेर पडतो.

खर्चाची बाजू याहून बोलकी आहे. १९४७मध्ये महापालिकेकडे आलेला बेस्ट उपक्रम वीजही विकत होता आणि बसही चालवत होता. विजेच्या उत्पन्नातून बसचा तोटा भरून निघे. शहराने शहरासाठी केलेली ती शहाणी सोय होती. २००३च्या वीज कायद्यानंतर ती वादात सापडली आणि पुढे बंद पडली. तिच्या जागी कायमस्वरूपी काही आले नाही. महापालिकेचे अनुदान येत राहिले, पण दरवर्षी हात पसरून. एके काळी साडेचार हजारांच्या आसपास असलेला ताफा २०२५पर्यंत तीन हजारांखाली गेला आणि त्यातही बहुसंख्य गाड्या कंत्राटदारांच्या. ऑगस्ट २०२३मध्ये याच गाड्यांचे चालक तुटपुंज्या पगारासाठी संपावर गेले. डिसेंबर २०२४मध्ये कुर्ल्यात अशाच एका इलेक्ट्रिक बसने अनेकांचे बळी घेतले आणि चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला. गाडीचे इंधन स्वच्छ, पण ती चालवणाऱ्याची नोकरी कच्ची, अशा व्यवस्थेला हरित म्हणणे मला मान्य नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असतो की बसने स्वतःच्या पायावर उभे राहावे, तोट्यातली सेवा करदात्याने का पोसावी? हा प्रश्न रस्त्यांनाही विचारला पाहिजे. साडेदहा किलोमीटरच्या किनारी रस्त्यावर महापालिकेने १३ हजार कोटींहून अधिक खर्च केले आणि त्यावर टोल नाही. त्या खर्चाला कोणी तोटा म्हणत नाही. त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. बससाठी राखीव मार्गिकेचे आश्वासन मूळ प्रस्तावात होते, पण रस्ता खुला झाला तेव्हा ती दिसली नाही. समुद्रात भराव घालून मिळवलेली ही सार्वजनिक जागा मुख्यतः मोटारवाल्यांच्या हाती गेली. इकडे मे २०२५मध्ये बसचे किमान भाडे पाचावरून दहा रुपये झाले. २०१९च्या भाडेकपातीने काही महिन्यांतच लाखो प्रवासी परत आणले होते. भाड्याचा प्रवाशांवर किती परिणाम होतो याचा पुरावा शहराच्याच दप्तरात असताना ही वाढ झाली.

दुसरा आक्षेप मेट्रोचा. मेट्रो-३ पूर्ण धावू लागली आहे, मग बस हवीच कशाला? साडेतेहतीस किलोमीटरचा हा भुयारी मार्ग मोठाच आहे, पण स्थानकापासून घर दूर असते. घरकामाला जाणाऱ्या बाई, शाळेची मुले, दवाखान्यात निघालेले आजोबा यांचा प्रवास बहुधा छोटा, आडवा आणि गर्दीच्या वेळेबाहेरचा असतो. तो बसच करू शकते. दर पाच-सात मिनिटांनी बस मिळाली, तर मेट्रोही भरते.

अरुंद रस्त्यांचा आक्षेप मात्र गंभीर आहे. राखीव मार्गिका सगळीकडे बसणार नाही. पण जिथे बसते तिथेही ती टिकत नाही, याचे कारण रुंदीत नाही. दिल्लीतल्या आंबेडकर नगर–मूलचंद बीआरटी या बसच्या राखीव मार्गिकेविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने २०१२मध्ये फेटाळली, तरी २०१६मध्ये ती मार्गिका उखडली गेली. न्यायालयात जिंकलेली मार्गिका राजकारणात हरली. मोटारचालकांची नाराजी सत्तेपर्यंत पोहोचली, बसमधल्या कितीतरी अधिक माणसांचा पाठिंबा मात्र संघटित नव्हता. आरेसाठी एका रात्रीत जमलेली माणसे हे संघटन उभे करू शकतात.

त्यांनी सर्वांत आधी लक्ष ठेवायला हवे ते बेस्टच्या आगारांवर. कुलाब्यापासून दिंडोशीपर्यंतच्या या सुमारे २७ आगारांची जमीन व्यापारी संकुलांसाठी विकसित करून तोटा भरून काढण्याचे प्रस्ताव पुन्हा पुन्हा पुढे येतात. इलेक्ट्रिक बसला रात्री उभे राहायला आणि चार्जिंगला डिझेलच्या बसपेक्षा कमी नव्हे, जास्तच जागा लागते. ती जमीन एकदा गेली की उद्या पैसे मिळाले आणि गाड्याही मिळाल्या, तरी त्या उभ्या करायला शहरात जागा उरणार नाही.