घरातला पैसे देणारा पाहुणा

भाड्याच्या घरासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. बिऱ्हाड आहे, बिऱ्हाडकरू आहे, भाडेकरू आहे. आणि भाडेकरूच्या पोटात शिरून राहणारा पोटभाडेकरूही आहे. पण ज्या घरात मालक स्वतः राहतो, त्याच घराची एक खोली पैसे देऊन वापरणाऱ्या माणसाला मात्र आपल्याकडे शब्द नाही. त्याला आपण ‘पेइंग गेस्ट’ म्हणतो; आणि आता तेवढीही सवड नसल्यामुळे नुसते ‘पीजी’. शब्द उसना आहे आणि गमतीचाही आहे. पाहुणा, आणि तोही पैसे देणारा! आपला अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. या पाहुण्याची येण्याची तिथी करारात, जाण्याची तिथी करारात, आणि पैसे देण्याची तिथी तर दर महिन्याला ठरलेली!

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत हा पाहुणा आज घरोघर आहे. पूर्वी त्याला ठेवून घेत ती बहुधा मुले परदेशी गेलेली वयस्क जोडपी, नाहीतर एकट्या पडलेल्या काकू. अलीकडे मात्र जेमतेम तिशीला आलेली मुले-मुली कर्ज काढून घर घेतात आणि पहिल्या हप्त्यापासूनच एक खोली भाड्याने देतात. अमेरिकेत या युक्तीला ‘हाउस हॅकिंग’ असे चटपटीत नाव मिळाले आहे. मी हा संसार दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. नव्याने नोकरीला लागले तेव्हा घाटकोपरला, पंतनगरात, एका काकूंकडे तीन वर्षे राहिले. पुढे एकतिसाव्या वर्षी मुलुंड पूर्वेला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढे घर घेतले आणि त्यातली एक खोली मुलींना दिली. त्या अनुभवाच्या बळावर हे चार शब्द.

रीत जुनीच

घर परवडत नाही म्हणून ते वाटून घ्यायचे, ही मुंबईची जुनीच रीत. गिरणगावातल्या चाळींत एकेका खोलीत कोकणातून आणि घाटावरून आलेले दहा-पंधरा कामगार राहत. पाळ्या वेगळ्या, म्हणून झोपण्याच्या वेळाही वेगळ्या. एक उठला की त्याच्या जागी दुसरा आडवा होई. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांच्या जिवावर हे सारे चाले. याच बायांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. उपनगरे शहरात आली ती दोन टप्प्यांत, १९५० आणि १९५७ साली. शहराची वेस मुलुंड आणि दहिसरपर्यंत सरकली, आणि तिच्याबरोबर जागेची टंचाईही सरकली.

मग घरमालक खोली द्यायला इतका का बिचकतो? त्याचे उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या सप्टेंबरातल्या पातळीला बांधून ठेवली. भाडेकरू म्हणून आलेला माणूस पिढ्यानपिढ्या हलेना. म्हणून मालकांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’ची पळवाट काढली. तेव्हा १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी असा परवाना घेऊन राहत असलेल्यांनाही भाडेकरूच ठरवले. मालकांनी धसका घेतला तो तेव्हापासून. घर कुलूप लावून ठेवू, पण कोणाला देणार नाही, ही वृत्ती त्यातूनच बळावली. २०१७-१८ च्या केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणीने जनगणनेच्या आधारे सांगितले होते, की देशात सर्वांत जास्त रिकामी घरे मुंबईत आहेत. सुमारे ४ लाख ८० हजार! ज्या शहरात माणसे पदपथावर झोपतात, त्याच शहरात इतकी कुलपे!

एक गोष्ट मात्र या धास्तीत अनेकांच्या ध्यानात आली नाही. १९७३ च्या दुरुस्तीनेही ‘पेइंग गेस्ट’ला वेगळा काढला होता. मालक स्वतः राहतो त्या जागेचा काही भाग ज्याला परवान्याने दिला आहे, तो पेइंग गेस्ट. त्याला भाडेकरूचा हक्क नाही. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानेही ही व्याख्या कायम ठेवली. त्याच कायद्याच्या ५५ व्या कलमाने करार लेखी आणि नोंदलेला असावा ही जबाबदारी मालकावर टाकली. तसा तो नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या! म्हणून शहाणी माणसे खोलीचासुद्धा करार नोंदवून घेतात, सोसायटीला लेखी कळवतात आणि राहायला येणाऱ्याची माहिती पोलिसांना देतात. यातले बरेचसे काम आता घरबसल्या होते.

हप्त्याचे गणित

आता पैशाकडे वळू. समजा, एखाद्या मुलाने साठ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले. हप्ता बसेल सुमारे ५२ हजार रुपयांचा. पहिल्या हप्त्यातले ४२ हजार ५०० रुपये नुसत्या व्याजात जातात. मुद्दल फिटते ते साडेनऊ हजारांच्या आसपास. वीस वर्षांत फेड होते सुमारे सव्वा कोटीची. म्हणजे एक घर आपल्याला, आणि त्याहून थोडे मोठे बँकेला!

याच मुलाने एक खोली दिली, आणि वीज, दुरुस्ती, कर आणि वर्षातले रिकामे महिने वजा जाता महिन्याला सरासरी १२ हजार हाती उरले, असे धरू. ते हॉटेलात न उडवता दर महिन्याला कर्जात भरले, तर व्याजाचा दर तोच राहिल्यास वीस वर्षांचे कर्ज तेरा वर्षांच्या आत फिटते आणि सुमारे सव्वीस लाखांचे व्याज वाचते. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेड केल्याचा दंड २०१२ पासून बँकांना लावता येत नाही. हे उत्पन्न प्राप्तिकराच्या विवरणात दाखवावे लागते, एवढे मात्र विसरू नये. आणि खोलीच्या भाड्याच्या भरवशावर आपल्या ऐपतीबाहेरचे घर घेऊ नये. खोली रिकामी राहिली तरी हप्ता आपल्या पगारातून भरता आला पाहिजे. पाहुणा हा आधार आहे, खांब आपणच.

खोली नव्हे, मोरी आणि ओटा

कागदावरचे हे गणित सोपे. खरी परीक्षा स्वयंपाकघरात होते. आपण खोली भाड्याने दिली असे म्हणतो, पण खोलीवरून कधी भांडण होत नाही. भांडण होते ते सकाळच्या पाण्यावरून, गॅसच्या सिलिंडरवरून, फ्रिजमधल्या कप्प्यावरून, कपडे वाळत घालायच्या दोरीवरून आणि न्हाणीघरात लागणाऱ्या वेळावरून. भाडे खोलीचे ठरते, वाटणी मात्र यांची होते.

माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या दोघी: एक रत्नागिरीकडची परिचारिका, दुसरी जळगावची, सी. ए. चा अभ्यास करणारी. पहिल्याच रविवारी आम्ही तिघींनी बसून एक कागद लिहिला. पाणी कोणी केव्हा भरायचे, सिलिंडरचे पैसे तिघींत कसे वाटायचे, कोणता कप्पा कोणाचा, पाहुणे केव्हा आणि किती, घर सोडायचे तर किती दिवस आधी सांगायचे. जळगावकरीण म्हणाली, “ताई, हे म्हणजे अगदी सरकारी झालं!” पण तो कागद फ्रिजवर चिकटला, आणि त्यानंतर आमच्यात पैशावरून किंवा पाण्यावरून एकदाही शब्द झाला नाही. जे लिहिले होते त्याची आठवण कोणी करून देत नसे. जे लिहिले नव्हते ते आपोआप होऊ लागले. वांग्याचे भरीत आधी वाटीतून आले, मग पातेल्यातून. मला ताप आला तेव्हा दर चार तासांनी तो मोजण्याचे कलम करारात कोठेही नव्हते!

एकदा सोसायटीतले एक गृहस्थ दारात आले. “तुमच्याकडची मुलगी रात्री दहाला बाहेर पडते आणि सकाळी परतते,” असे त्यांनी आवाज खाली आणून सांगितले. मी वाद घातला नाही. नोंदलेला करार आणि तिच्या रुग्णालयाच्या ओळखपत्राची प्रत त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटले, “ती रात्रपाळीला जाते. तुम्हां-आम्हांला झोप लागते, तेव्हा कोणीतरी जागे असावे लागते.” ते ओशाळून परत गेले. पुन्हा कोणी विचारले नाही. कागदाचा उपयोग केवळ कोर्टासाठी नसतो. दारात उभ्या राहिलेल्या संशयालाही तो परत पाठवतो.

पहिला प्रश्न

सप्टेंबर २०२३ मध्ये आमच्या मुलुंडमध्ये एका मराठी स्त्रीला कार्यालयासाठी जागा पाहताना, येथे महाराष्ट्रीयांना जागा देत नाही, असे ऐकावे लागले. तिचा व्हिडिओ महाराष्ट्रभर पाहिला गेला. आपण सारे संतापलो, आणि ते रास्तच होते. पण आपल्याच घरातल्या खोलीसाठी फोन येतो तेव्हा आपला पहिला प्रश्न कोणता असतो? “आडनाव काय?” मग “गाव कोणते?”, “मांसाहार करता का?”, “लग्न झाले आहे का?” ‘अशी ही बनवाबनवी’ हा १९८८ चा चित्रपट पाहून आपण पोट धरधरून हसतो. पण त्यात पुरुषांना लुगडी नेसावी लागतात ती का? डोक्यावर छप्पर मिळवण्यासाठी! घरमालक ‘तू कसा राहशील?’ हे न विचारता ‘तू कोण?’ हे विचारतो, तेव्हा समोरच्याला सोंग घ्यावेच लागते. खोटे बोलणारा भाडेकरू पुष्कळदा आपल्या प्रश्नानेच घडवलेला असतो.

पंतनगरच्या काकूंनी मला आडनाव विचारले नव्हते. त्यांनी तीनच प्रश्न केले: “रात्री दिवा किती वाजेपर्यंत जळतो? सकाळी न्हाणीघर किती वाजता लागतं? आणि आजारी पडलीस तर कळवायचं कोणाला?” मालकाला जे जाणण्याचा अधिकार आहे, ते सारे या तीन प्रश्नांत आले. आणि तिसऱ्या प्रश्नात तर मालकाचे कर्तव्यही आले.

आज पहिले घर घेणाऱ्या तरुण-तरुणींपैकी कितीतरी जण कालपर्यंत कोणाच्या तरी दारात असेच उभे होते. आडनावावरून, ताटातल्या माशावरून, एकट्या असण्यावरून त्यांना नकार मिळालेले आहेत. आता किल्ली त्यांच्या हाती आहे. हप्ता हलका करण्याची युक्ती त्यांना कोणीही शिकवील. पण आपल्याला विचारले गेलेले प्रश्न दुसऱ्याला विचारायचे नाहीत, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते. व्यवहार चोख लिहून घ्यावा, म्हणजे मन मोकळे ठेवायला भीती वाटत नाही. या दिवाळीत ज्यांच्या नव्या दारावर पहिले तोरण लागेल, त्यांच्या घरची एक खोली अशीच एखाद्या दूरगावच्या लेकराला मिळो, आणि त्यांचे कर्ज लवकर फिटो!