बागेतील गवत कापणी : स्लॅशरच्या पात्यांची पातळी कशी तपासावी?

फळबागेत दोन ओळींमधील गवत मुळासकट न काढता स्लॅशरने कापून तिथेच आच्छादन म्हणून ठेवणे फायद्याचे ठरते. मात्र कापणीनंतर एका बाजूला गवत उंच आणि दुसऱ्या बाजूला माती उघडी, असे पट्टे दिसू लागले, की पाती एका पातळीत चालत नाहीत असे समजावे. उताराच्या जमिनीत अशा उघड्या पट्ट्यातील माती जोरदार पावसात वाहून जाते. शिवाय खाली गेलेले पाते दगड उडवते, ठिबकची नळी कापते, ते वेगळेच.

पट्टे दिसले की बरेच जण थेट टॉप लिंक फिरवायला घेतात. एका आंबा बागेत अर्धा दिवस अशी खटपट झाल्यावर मी चाके पाहिली. मागील उजव्या चाकात हवा कमी होती. त्यामुळे आधी मागील दोन्ही चाकांतील हवा समान आहे का, ते मोजावे.

तपासणी

ट्रॅक्टर सपाट कोब्यावर उभा करावा. स्लॅशर कापणीच्या उंचीपेक्षा थोडा वर उचलावा. पीटीओ व इंजिन बंद करून किल्ली काढावी, हँडब्रेक ओढावा. दोन्ही बाजूंच्या स्किडखाली भक्कम लाकडी ठोकळे सरकवावेत; ते स्किडला टेकू नयेत, थोडी फट राहू द्यावी. हायड्रोलिकच्या भरवशावर यंत्राखाली हात घालू नये. जाड हातमोजे घालावेत.

बोल्टवर झुलणारी पाती हाताने पूर्ण बाहेर ओढावीत. एका पात्याचे टोक डाव्या बाजूला आणून जमिनीपासूनची उंची मोजावी. मग अर्धा फेरा देऊन दुसऱ्या पात्याचे टोक त्याच जागी आणावे आणि पुन्हा मोजावे. दोन मापांत फरक आला, तर दोष लिंकेजमध्ये नाही. पाते वाकले आहे, बोल्ट झिजला आहे किंवा बेअरिंगमध्ये खेळ आहे. वाकलेले पाते तापवून ठोकून सरळ करू नये. त्याचे पाणी उतरते आणि वेगात ते तुटू शकते. पाती जोडीनेच बदलावीत, नाहीतर वजनाचा तोल जाऊन यंत्र थरथरते.

दोन्ही पाती ठीक असतील, तर एकच टोक डावीकडे आणि उजवीकडे आणून मोजावे. फरक आल्यास लिफ्ट रॉडची लांबी कमी-जास्त करावी. बहुतेक ट्रॅक्टरवर त्यासाठी उजव्या रॉडला हँडल असते. दोन्ही मापे सारखी झाली, की तेच टोक पुढे आणि मागे आणावे. पुढची बाजू मागच्यापेक्षा साधारण १ ते २ सेंमी खाली हवी. त्यामुळे गवत पुढच्या अर्ध्या फेऱ्यातच कापले जाते आणि मागे येणारे पाते त्यावर पुन्हा घासत नाही. इंजिनवरचा भारही कमी राहतो. मागची बाजू उचलायची असल्यास टॉप लिंक आखूड करावी, खाली न्यायची असल्यास लांब करावी. मागे आधारचाक असेल, तर मागची उंची त्या चाकावरच ठरवावी.

शेवटी लॉकनट घट्ट करून एका ओळीत थोडे अंतर कापून पाहावे. खडकाळ बागेत कापणीची उंची ७ ते १० सेंमीच्या खाली नेण्याचा मोह टाळावा.