वेगवान संगणकाच्या वीजपेटीतील पंखा

संगणकाच्या प्रोसेसरला निर्मात्याने नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे धावावयास लावले म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीतील पंखा एकाएकी घोंघावू लागतो आणि मालकास तो बिघडल्याचा संशय येतो. परंतु बहुतेक प्रसंगी पंखा आपले कर्तव्यच बजावीत असतो. प्रोसेसरचा वीजखप गतीच्या प्रमाणात वाढतो खरा, पण व्होल्टेजच्या बाबतीत तो वर्गाच्या प्रमाणात चढतो. म्हणून गती १० टक्क्यांनी वाढवून व्होल्टेज १.२० वरून १.३५ वर नेले, तर खप सुमारे ३९ टक्क्यांनी वाढतो. ८५ टक्के कार्यक्षमतेची पेटी ५०० वॅट पुरविताना सुमारे ८८ वॅट उष्णतेच्या रूपाने स्वतःच्याच उदरात सोडते, आणि तेथील तापमानदर्शक घटक त्या मानाने पंख्यास अधिक वेगाने फिरवितो.

तेव्हा प्रथम आवाजाची जात ओळखावी. व्होल्टेज पूर्ववत करताच हळूहळू शमणारा, वाऱ्यासारखा आवाज भाराचा असतो. त्यावर व्होल्टेज किंचित उतरविणे, जाळीवरील धूळ झाडणे, अथवा अधिक क्षमतेची पेटी घेणे हाच रास्त इलाज होय. भार नसतानाही खरखर कायम राहिली, तर बहुधा बेअरिंग झिजलेले असते. आणि तीक्ष्ण, सूक्ष्म किणकिण तर पंख्याची नव्हेच, ती आतील वेटोळ्यांच्या कंपनाची.

मात्र पेटी उघडण्याचा मोह कदापि धरू नये. प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरांत ३०० व्होल्टांहून अधिक दाब काही काळ टिकू शकतो, आणि तो प्राणघातक ठरू शकतो. हमीची मुदत शिल्लक असल्यास पेटी विक्रेत्याकडे धाडावी, अन्यथा सबंध बदलावी.