म्हशीची कास

म्हशीची कास बाहेरून एकसंध दिसते, पण ती चार स्वतंत्र ग्रंथींची बनलेली असते. एका कप्प्यातले दूध दुसऱ्यात उतरत नाही, म्हणून एक सड निकामी झाला तरी उरलेले तीन चालू राहतात. साधारण 60 टक्के दूध मागच्या दोन कप्प्यांत असते. शेळी-मेंढीला दोनच ग्रंथी असतात. डाव्या-उजव्या भागांच्या मधोमध असलेल्या लवचिक बंधावर कासेचा बराचसा भार असतो. तो सैल पडला की कास लोंबते आणि सड बाहेरच्या बाजूला फाकतात.

दूध तयार होते ते कूपिकांत, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पोकळ फुगीर पिशव्यांत. द्राक्षांच्या घडासारख्या त्या बारीक नळ्यांना लगडलेल्या असतात. प्रत्येकीच्या आत दूध बनवणाऱ्या पेशींचा एकच थर, बाहेरून आकुंचन पावणाऱ्या पेशींची जाळी आणि भोवती केशवाहिन्या. लिटरभर दुधासाठी कासेतून सुमारे 400 ते 500 लिटर रक्त फिरावे लागते. रक्तातल्या ग्लुकोजपासून दुग्धशर्करा बनते आणि ती पाणी ओढून घेते. दूध किती निघणार हे मुख्यतः तिच्यावर ठरते. फॅटचा मोठा वाटा कोठीपोटात वैरण आंबून तयार होणाऱ्या ॲसिटिक आम्लापासून येतो. पेंड वाढवून कडबा तोडला की डेअरीत फॅट का घसरते, याचे उत्तर इथे आहे. एरवी म्हशीच्या दुधाची फॅट 7 टक्क्यांच्या आसपास असते.

दूध तयार असणे आणि ते बादलीत पडणे या मात्र दोन निराळ्या गोष्टी. सडाच्या वर दूध साठवणारी पोकळी असते. गाईच्या कासेतले सुमारे 20 टक्के दूध तिथे उतरलेले असते, म्हशीचे जेमतेम 5 टक्के. बाकी सगळे कूपिकांतच अडकलेले, आणि नुसते सड ओढून ते येत नाही. रेडकाने ढुसण्या दिल्या, कास कोमट पाण्याने धुतली, आंबोणाची पाटी समोर आली, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात मिसळते, कूपिकांभोवतीची जाळी आवळली जाते आणि पान्हा सुटतो. गाय बहुधा मिनिटभरात पान्हवते. म्हशीला अधिक वेळ लागतो. हा प्रभाव काही मिनिटेच टिकतो, त्यामुळे धार एका बैठकीत आणि भराभर काढावी लागते. अर्ध्यावर सोडले तर तोटा दुहेरी, कारण शेवटच्या धारांत फॅट सर्वांत जास्त असते.

म्हैस बिथरली, धार काढणारा बदलला किंवा कुत्रे अंगावर आले, की ॲड्रेनलिन पान्हा अडवते. त्याला लोक ‘म्हैस दूध चोरते’ म्हणतात. बिचारी चोरत काहीच नाही. याउलट कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकांच्या गर्दीत म्हशी पान्हवतात. तिथे सवयीचा वाटा मोठा आहे. इंजेक्शन देऊन पान्हा सोडवण्याची पळवाट मात्र वाईटच. जनावराला अपाय करणाऱ्या अशा उपायांना 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने मनाई आहे.

सडाच्या टोकाची अरुंद नळी गोलाकार स्नायूने मिटलेली असते. म्हशीचा हा स्नायू गाईपेक्षा घट्ट, म्हणून पिळायला जोर लागतो. अंगठा मुडपून पिळण्याची सवय सडाला इजा करते. पूर्ण मुठीने धार काढणे बरे. पिळल्यानंतर ही नळी अर्धा तास तरी पुरती मिटत नाही. तेवढ्यात जनावर शेणात बसले तर जंतू आत शिरतात आणि कासदाह, म्हणजेच दगडी, होतो: कप्पा सुजून कडक होतो, दुधात गाठी येतात. धारेनंतर लगेच गव्हाणीत वैरण टाकली की म्हैस उभी राहते.

व्यायल्यावर पहिले काही दिवस चीक येतो. रेडकाला रोगप्रतिबंधक द्रव्ये गर्भात वारेतून मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात, आणि त्याचे आतडे ती जेमतेम पहिले 24 तास शोषू शकते. खरवसाची वेळ त्यानंतरची. पुढे दूध चढत जाते, दीड-दोन महिन्यांत कळसाला पोचते आणि मग हळूहळू उतरते. पुढच्या वेताच्या सुमारे दोन महिने आधी म्हैस आटवतात. या भाकड काळात जुन्या पेशी झडून नव्या येतात. आटवलीच नाही तर पुढच्या वेताला दूध घटते.